रिबिनी बांधून टेस्टिंग

गाडीच्या बोनेटवर पांढऱ्या रिबिनीचं फूल बांधताना याव डापाने एकच गोष्ट बघितली नाही, ती म्हणजे लग्न लावणार कोण. बाकी सगळं त्याने नीट बघितलं होतं. टायरात हवा होती, आरसे पुसलेले होते, मागच्या सीटवर घरातली त्यातल्या त्यात बरी चादर अंथरली होती. त्या चादरीवर त्याने भाचीला बसवलं होतं आणि तिचा झगा दारात सापडू नये म्हणून दार स्वतःच्या हाताने, पाळण्यातलं मूल जागं होईल अशा बेताने लावलं होतं. कुमासी शहरातल्या ताफोच्या चर्चपुढे गाडी उभी करून तो रुबाबात खाली उतरला. तेवढ्यात समोर एक खच्चून भरलेली त्रोत्रो, म्हणजे तिकडची वडाप, थांबली आणि एका बाईची टोमॅटोची टोपली व दोन कोंबड्या ओलांडत, हातात बायबल घेऊन पाद्री अंपाडू खाली उतरले.

इथले नेहमीचे पाद्री घसा बसून घरी पडले होते, म्हणून सकाळीच अंपाडूंना निरोप गेला होता. ते त्रोत्रोने आले, कारण त्यांची निळी गाडी तीन आठवड्यांपासून दुरुस्तीला होती. डापाकडे. आणि ती आता त्यांच्यापुढे उभी होती. मागच्या काचेवर त्यांनी हौसेने रंगवून घेतलेली अक्षरंही होती, ‘थोडा धीर धरा’. अंपाडूंनी ती अक्षरं वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि कोटावरचं कोंबडीचं पीस झटकलं.

“मास्टर, ही गाडी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते.”

“टेस्टिंग चाललंय, ओसोफो,” डापा म्हणाला. पाद्र्याला तिकडे ओसोफो म्हणतात, आणि फिटर सापडला की हेच वाक्य म्हणतो.

“रिबिनी बांधून?”

“वाऱ्याने बोनेट हलतंय का ते रिबिनीवरून कळतं.”

“आणि आत नवरी आहे ती?”

“मागच्या सीटवर वजन लागतं, ओसोफो.”

डापाची जीभ नेहमीच डोक्याच्या पुढे धावायची. पण वजनाचं हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तो उगाच रिबिनीचं फूल सारखं करायला लागला, कारण सबंध खोटारडेपणात तेवढं एक वाक्य खरं होतं.

कुमासीच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे जिथे नजर पोचेल तिथवर गाड्या पोट उघडून पडलेल्या असतात त्या वस्तीत, ‘गाडी टेस्टिंगला गेलीय’ याचा अर्थ गाडी टेस्टिंगला गेलीय असा फार क्वचित असतो. सुटा भाग अजून मिळालेला नाही, असा असू शकतो. इंजिन ताडपत्रीखाली जमिनीवर आहे आणि ते तुम्ही बघू नये, असा असू शकतो. शनिवारी तर बहुधा असा असतो की मास्टरच्या बायकोच्या माहेरी कुणीतरी वारलं आहे आणि गाडी मयताचे काळे-लाल कपडे घातलेली माणसं भरून तिकडे गेली आहे. गिऱ्हाइकंही पक्की. “टेस्टिंग कुठवर आलं?” असं विचारणाऱ्याला खरं तर ‘कोण गेलं?’ हेच विचारायचं असतं. गाडी जितकी चांगली, तितकं तिचं टेस्टिंग लांबतं. खटारा गाडीवाल्याला मात्र त्याच संध्याकाळी गाडी परत मिळते आणि तो उगाच फिटरच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गात घरी जातो.

डापा यात वेगळा होता. तो खरोखरच टेस्टिंग करायचा. दुरुस्त केलेली गाडी चढावर नेऊन आणल्याशिवाय तो किल्ली परत देत नसे. त्यातही रिकामी गाडी न्यायची नाही. “रिकामी गाडी खोटं बोलते,” असं तो म्हणायचा. गाडीला वजन पाहिजे. आणि वजन म्हणजे सिस्टर मान्सा, त्याची थोरली बहीण.

सिस्टर मान्सा त्याच्या शेडच्या तोंडाशी कढई मांडून कंदाच्या फोडी तळायची, मिरचीच्या चटणीबरोबर विकायची. आई गेल्यावर तिनेच डापाला वाढवलं, त्याच कढईवर त्याला एका मास्टरच्या हाताखाली घातलं. बाई देहाने भरघोस आणि हसायला त्याहून. बोनेट खाली पडलं की डापा आतून ओरडायचा, “सिस्टर, वजन!” मग ती झारा शेजारणीच्या हातात द्यायची, हात कमरेच्या कापडाला पुसायची आणि मागच्या सीटवर दोन्ही हात पसरून अशी बसायची, जशी काही राणीमाता मिरवणुकीला निघाली आहे. मांडीवर तिची लेक, लहानगी पोकुआ.

“सिस्टर, आज कुणाची गाडी?” शेजारचे फिटर चिडवायचे.

“माझ्या भावाची!”

“आणि कालची पांढरी?”

“तीपण माझ्या भावाचीच. त्याला एक पुरत नाही.”

गाडी चढाला लागली की डापा इंजिनाकडे कान देऊन बसे, आणि मागे सिस्टर मान्साची बडबड सुरू होई. या घराला पत्रे नवे दिसतात. ही बाई अजून त्याच नवऱ्याबरोबर आहे वाटतं. त्या शाळेची भिंत कुणी रंगवली, त्याला कुणी रंग दाखवले नव्हते का आधी? चढ संपला की डापा गाडी थांबवून बोनेट उघडायचा, आणि सिस्टर मान्सा हुश्शहुश्श करत पुढच्या सीटवर येऊन पायाने पेट्रोल द्यायची. “दे,” तो म्हणायचा, ती द्यायची. “सोड,” म्हटलं की सोडायची. वाटेत एकदाही इंजिनाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

पुढे तिला साखरेच्या आजाराने धरलं. अंगावरचं उतरत गेलं, मग पाय गेले. तरी डापा हाक मारायचा. शेवटच्या खेपेला ती म्हणाली, “अरे, आता माझ्याने गाडीला कळणारसुद्धा नाही कुणी बसलंय म्हणून.” त्याने तिला उचलून मागे ठेवलं आणि त्या दिवशी चढावर नेलं नाही, सपाट रस्त्यावरूनच, हळू फिरवून आणलं. परतताना ती म्हणाली, “पोकुआ नवऱ्याकडे जाईल ना, तेव्हा तिला त्रोत्रोत चढवू नकोस. झगा चुरगळतो.”

“गाडीतून जाईल ती.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

यावर सिस्टर मान्सा इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली.

तेव्हापासून डापा मागच्या सीटवर सिमेंटच्या गोण्या ठेवून टेस्टिंगला जायचा. हाताखालची पोरं म्हणायची, मास्टर, आम्ही येतो की वजनाला. पण त्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवायला त्याचं मन घेत नव्हतं. गोण्यांचं एक बरं असतं, त्या कुणाच्या जागेवर बसल्या आहेत असं वाटत नाही.

पोकुआच्या लग्नासाठी त्याने एका दोस्ताची टॅक्सी महिनाभर आधी सांगून ठेवली होती. तो वोफा होता, आईचा भाऊ, आणि तिकडे भाचीच्या बाबतीत वोफाचा शब्द बापाच्याही वर. लग्नाच्या सकाळी कळलं की टॅक्सी टेस्टिंगला गेलीय. दोस्ताच्या फिटरच्या गावात कुणीतरी वारलं होतं. शेडमध्ये चालू अवस्थेत होती ती एकच गाडी, पाद्र्यांची निळी. आणि तिचं टेस्टिंग खरोखरच बाकी होतं. गाडी चढावर कधीमधी तापायची, का ते डापाला सापडत नव्हतं. रेडिएटर धुऊन झाला होता, पंखा बघून झाला होता. शेडमध्ये ठेवली की शहाण्यासारखी गार राहायची. चढावरही गोण्या घालून नेली, बोनेट उघडलं, की सगळं जागच्या जागी.

हे सगळं आता चर्चच्या दारात पाद्र्यांना कसं सांगणार? अंपाडूंनी ‘माझी गाडी’ एवढं मोठ्याने म्हटलं असतं, तर पोकुआला सगळ्या पाहुण्यांदेखत खाली उतरावं लागलं असतं. मॅगझीनमधलं नाव गेलं असतं ते वेगळंच. पण डापाच्या डोळ्यांपुढे नाव नव्हतं, त्रोत्रोतली ती टोमॅटोची टोपली होती, आणि तिच्या शेजारी पांढरा झगा.

त्या मुलखात चुकीची माफी आपण आपल्या तोंडाने मागायची नसते. आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी जाऊन विनंती करायची असते, शक्यतो वयाने मोठ्या माणसाने. डापाने इकडेतिकडे पाहिलं. वयाने मोठी झाडून सगळी माणसं पुढच्या खुर्च्या धरायला आत पळाली होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं. झग्याचा घोळ एका काखेत मारून पोकुआ खाली उतरली, पाद्र्यांपुढे जाऊन गुडघ्यात किंचित वाकली आणि डाव्या तळव्यावर उजवा हात उलटा ठेवून म्हणाली, “ओसोफो, मी माझ्या वोफासाठी विनंती करते.”

“अगं, नवरीने आज कुणापुढे हात पसरायचे नसतात.”

“मग लवकर माफ करा ना. ऊन लागतंय, पावडर वाहील.”

अंपाडूंनी आकाशाकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. “इथून पुढे कुठे जाणार आहे माझी... ही गाडी?”

“माम्पाँगला,” डापा पुटपुटला. “नवऱ्याकडे जेवण आहे.”

“घाट चढून?”

“तेच तर टेस्टिं—”

“मास्टर, तो शब्द आज पुन्हा माझ्या कानावर आला नाही पाहिजे. मी येणार बरोबर. पुढच्या सीटवर.”

लग्न लागलं. प्रवचनात अंपाडू म्हणाले की देव माणसाची परीक्षा बघतो, कधी रोगाने बघतो, कधी दारिद्र्याने, आणि कधी फिटरच्या हातून. लोक हसले, जोरात आमेन म्हणाले. डापा बुटांच्या नाड्या बघत बसला.

माम्पाँगच्या वाटेला गाडी लागली तेव्हा तिच्यात वजनाची काही कमी नव्हती. पुढे डापा आणि पाद्री. मागे नवरी, नवरा आदोमाको, आणि आंटी फॉस्टिना. आंटीचं कपड्यांचं दुकान होतं, लग्नाचा झगा तिच्याकडून भाड्याने आणलेला. झगा डोळ्यांआड होऊ द्यायला तिची तयारी नव्हती. एकदा कुणा नवरीने त्याच्यावर पाम तेलाचं कालवण सांडलं होतं, तेव्हापासून ती झग्याबरोबर जेवायला जायची. झगा ज्याच्यावर टांगून आला तो तारेचा हँगर तिने छातीशी धरला होता.

घाट सुरू झाला आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकायला लागला. डापाने हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची उष्णता तेवढी आत येईल. आली.

“मास्टर,” पाद्री म्हणाले, “हे काय?”

“गरम वाटतंय का, ओसोफो?”

“मी नरकावर प्रवचनं देतो. मला तुलना करता येते.”

आदोमाकोने टाय सोडला. आंटी फॉस्टिनाने “घाम! झग्याला घाम!” म्हणून हाय खाल्ली. पोकुआ मात्र आरशातून मामाकडे बघत होती. अर्ध्या घाटात बोनेटच्या फटीतून, रिबिनीच्या फुलाभोवतीने, वाफ निघाली. डापाने गाडी एका आंब्याच्या सावलीत घेतली.

मागून वऱ्हाडाच्या त्रोत्रो येत होत्या, आणि प्रत्येकीच्या खिडकीतून एक डोकं बाहेर यायचं, दात काढून तेच विचारायचं.

“काय मास्टर? टेस्टिंग का?”

शेवटच्या त्रोत्रोत आदोमाकोचे भाऊ होते. त्यांनी गाडी थांबवून पोकुआसाठी जागा केली. “वहिनी, या आमच्यात. जेवण थांबलंय. हे काय संध्याकाळपर्यंत व्हायचं नाही.”

पोकुआने मामाकडे पाहिलं. डापा वाफेकडे बघत राहिला. काय बोलणार? आईची इच्छा तुझ्यापेक्षा जास्त माझ्या अंगाला चिकटली आहे, असं भरल्या रस्त्यावर कुठला मामा सांगतो?

“तुम्ही व्हा पुढे,” पोकुआ त्यांना म्हणाली. “झगा चुरगळतो.”

डापाने झटकन तोंड फिरवलं आणि बोनेट उघडायला घेतलं. अजून हात लावण्याजोगं नव्हतं, तरी उघडलं.

इंजिन निवल्यावर डिकीतल्या पाण्याच्या पिशव्या निघाल्या, पाहुण्यांच्या पिण्यासाठी घेतलेल्या. पांढऱ्या सुटातला नवरा एकेका पिशवीचा कोपरा दाताने तोडून रेडिएटरमध्ये पिळू लागला. अंपाडूंनी कोट काढून झाडाच्या फांदीला अडकवला, बाह्या सारल्या आणि ते बोनेटपाशी येऊन उभे राहिले.

“माझी गाडी आहे. काय बघायचं ते सांगा.”

डापाने हातातलं फडकं त्यांना दिलं. मग स्टिअरिंगवर जाऊन बसला. त्याने इंजिन चालू केलं. “मी देतो. तुम्ही नुसतं बघा, ओसोफो. जे हलू नये ते हलतंय का.” त्याने पेट्रोल दिलं, सोडलं, पुन्हा दिलं.

“मास्टर! हा खालचा पाइप श्वास घेतोय!”

“म्हणजे?”

“तुम्ही दिलंत की त्याचं पोट खपाटीला जातं. सोडलंत की पुन्हा फुगतो.”

डापा खाली आला, आणि पाद्र्यांना आत बसवून त्याने ते स्वतः पाहिलं. दे. सोड. दे. जुना रबरी पाइप आतून लिबलिबीत झाला होता, त्याच्या पोटातली स्प्रिंग गंजून विरघळली होती. इंजिन जोरात ओढायला लागलं की पाइप चपटा व्हायचा आणि पाणीच अडायचं. इंजिन मंद झालं की पुन्हा साळसूद. तीन आठवडे तो एकटा या चढावर येत होता. आपण पेट्रोल द्यायचं तर बोनेटपाशी कुणी नाही. बोनेटपाशी यायचं तर पेट्रोल द्यायला कुणी नाही. गोण्यांना पाय नसतात.

“सिस्टर असती तर पहिल्या दिवशी सापडलं असतं,” तो पाइपालाच म्हणाला.

आता आत घालायला एक तार हवी होती, ताठ, वेटोळं करता येईल अशी. डापाने आजूबाजूला पाहिलं, आणि त्याची नजर आंटी फॉस्टिनाच्या छातीवर येऊन थांबली.

“नाही,” आंटी म्हणाली.

“मी अजून काही बोललो नाही, आंटी.”

“तुझे डोळे बोलले. हा या झग्याचा हँगर आहे. याचे खांदे त्याच्या खांद्यांना बसतात. दुसऱ्यावर तो पडतो.”

“दुसरा आणून देतो. अगदी अस्साच.”

“फिटरचा शब्द? या पाद्र्यांना विचारू का, त्याची किंमत काय असते?”

पाद्री खोकले. पोकुआ आंटीपुढे येऊन उभी राहिली आणि डाव्या तळव्यावर उजवा हात ठेवायला लागली.

“नको गं बाई, तू नको सारखी हात पसरू,” आंटीने हँगर पुढे केला. “घे. पण मला परत पाहिजे. सरळ करून.”

डापाने हँगर उकलला, पान्याच्या दांड्याभोवती आवळून त्याचं वेटोळं केलं, पाइप सोडवून ते आत सरकवलं आणि पट्टा पुन्हा कसला. उरलेल्या पिशव्या आत रिकाम्या झाल्या. पाद्र्यांनी पेट्रोल दिलं, आणि पाइपाने श्वास घ्यायचं सोडलं.

उरलेला घाट सुरू झाला. सगळ्यांचे डोळे काट्यावर. काटा मधोमध उभा राहिला आणि तिथून हललाच नाही. माथ्यावर आल्यावर डापाने सवयीने गाडी थांबवली. आरशात पाहिलं. मागे पोकुआ दोन्ही हात पसरून बसली होती, एक नवऱ्याच्या खांद्यावरून, एक आंटीच्या. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “वोफा, ही शाळेची भिंत कुणी रंगवली असेल रे? त्याला आधी कुणी रंग दाखवले नव्हते का?”

डापाने चष्मा पुसला. मग आठवलं की आपल्याला चष्मा नाही, पुसले ते डोळेच होते.

माम्पाँगला जेवण थांबलेलंच होतं. नवऱ्याकडच्या बायकांनी गाडीला गराडा घातला, रिबिनीला हात लावून बघितला. एक म्हातारी पोकुआला म्हणाली, “सूनबाई, गाडी छान आहे गं. कुणाची?”

“माझ्या वोफाची,” पोकुआ म्हणाली.

शेजारीच अंपाडू हातात भाताची ताटली घेऊन उभे होते. त्यांनी घास गिळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग कोंबडीचा दुसरा तुकडा घेतला.

सोमवारी डापाने गाडी परत केली. बोनेटवर रिबिनीच्या चिकटपट्टीचा एक पुसट डाग राहिला आहे, तो अंपाडूंनी अजून घासलेला नाही. नवा पाइप आला तेव्हा डापा स्वतः सांगायला गेला, पण पाद्री म्हणाले, राहू द्या, चालतंय ना. चढावर तो श्वास घेत नाही एवढं बास.

त्यामुळे हँगर अजून गाडीच्या पोटातच आहे. आंटी फॉस्टिना दर बाजाराच्या दिवशी शेडच्या दाराशी येते, कमरेवर हात ठेवते.

“माझा हँगर?”

“टेस्टिंगला गेलाय, आंटी.”

“अजून?”

“गाडी रोज चढावर जाते ना.”

झगा तिच्या दुकानात खिळ्याला लटकला आहे, एका खांद्याने थोडा उतरलेला.